शालनच्या मापाची गाडी

“बघ आता,” मी म्हणालो आणि पिकअपच्या मागची ताडपत्री वर केली.

माझी बायको शालन हातातली पिशवी छातीशी धरून गफूरच्या शेडच्या दारातच उभी होती. बाहेर मार्चचं ऊन होतं, आत वेल्डिंगचा आणि ताज्या रंगाचा वास. गफूर तांबोळी लोखंडी स्टुलावर बसून आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. अडीच महिने आम्ही दोघांनी त्या गाडीवर घालवले होते आणि आज शालन ती पहिल्यांदा बघायला आली होती.

“चढ की वर. पायरी केलीय तुझ्यासाठी.”

ती चढली. मी एकेक दाखवत गेलो. हौद्याच्या डाव्या अंगाला सहा फुटी पलंग, त्याखाली तीन खण. उजव्या अंगाला स्वयंपाकाचं कपाट. त्याचा मोठा खण ओढला की शेगडीच बाहेर यायची, अगदी गाडीच्या बाहेर, म्हणजे उभं राहून स्वयंपाक करता यावा. वर मसाल्याच्या डब्यांना गोल भोकं पाडलेली फळी, गाडी कितीही आदळली तरी डबा हलायचा नाही. स्टीलची साठ लिटरची टाकी, तिला तोटी. छताला आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड. वजन वाढणार म्हणून मागच्या चाकांवरच्या लोखंडी कमानीत दोन-दोन पाटे वाढवलेले. आणि हे सगळं बोल्टवर बसवलेलं. गफूरचा तो हट्ट होता. “आनंदा, गाडीला वेल्डिंगचा टाका मारायचा नाही. उद्या काढावंसं वाटलं तर पान्यानं काढता आलं पाहिजे.”

शालननं खण ओढून बघितला. तोटी सोडून बघितली. पलंगावर जरा टेकली. मग चारी बाजूंना एकदा नजर फिरवून म्हणाली, “आणि बाकीचं?”

“बाकीचं म्हंजे?”

“काही न्हाई. छान झालंय.”

ती खाली उतरली, गफूरला म्हणाली, “भाऊजी, लई कष्ट घेतलेत तुम्ही,” आणि पिशवी घेऊन घरी निघून गेली. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिलो. मला वाटलं होतं, ती पलंगावर पाय पसरून बसेल, हसेल, कुठं जायचं ते विचारेल.

“आवडलं न्हाई वाटतं वहिनीला,” गफूर म्हणाला.

“तिला फिरायचीच हौस न्हाई रे,” मी म्हणालो.

मला तेव्हा खरोखर तसंच वाटत होतं. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

मी विट्यातल्या एका यात्रा कंपनीत एकतीस वर्षं बस चालवली. काशी म्हणा, रामेश्वर म्हणा, गिरनार, जगन्नाथपुरी, कुठला रस्ता माझ्या चाकाखालून गेला नाही असं नव्हतं. हजारो माणसांना मी देव दाखवले. प्रत्येक हंगामात एखाददुसरी सीट रिकामी राहायची आणि मालक म्हणायचे, “आनंदराव, वहिनींना घ्या की.” मी घरी येऊन सांगायचो. शालनचं उत्तर तयार असायचं. म्हैस व्यायला झालीय. आपल्या मनीषाची परीक्षा आहे. गुडघा दुखतोय. पुढं मी विचारणंच सोडून दिलं. काही माणसांना घराचा उंबरठाच बरा वाटतो, असं मनाशी ठरवून टाकलं.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी कच्छच्या रणाजवळ पुण्याचं एक जोडपं भेटलं होतं. दोघंही साठीचे. पिकअपच्या हौद्यात त्यांनी घर केलं होतं. बाई गाडीच्या मागं खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसल्या होत्या आणि गृहस्थ कांदा चिरत होते. मी माझ्या बसमधली माणसं मिठावर फोटो काढायला सोडून त्या गाडीभोवतीच फिरत राहिलो. तेव्हाच ठरवलं, आपण हे करायचं. वेळ ठरलेली नाही, सीट ठरलेली नाही, शालन म्हणेल तिथं थांबायचं. मग ती कशाला नाही म्हणेल?

सेवेतून सुटल्यावर टोमॅटोचे क्रेट वाहणारी एक जुनी पिकअप घेतली आणि गफूरच्या शेडमध्ये नेऊन उभी केली.

शालन नाही म्हणाली नाही. म्हैस तोवर विकली होती, मनीषा लग्न होऊन कराडला गेली होती. सांगायला काही उरलंच नव्हतं. तीन दिवसांचा बेत ठरला. जतवरून विजापूर, तिथून बदामी, आणि परत.

सकाळी आठला आम्ही निघालो. तिनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे असं सगळं बांधून घेतलं होतं. नवी जांभळी साडी नेसली होती. निघताना मी चहा टाकायला सांगितला, तर म्हणाली, “मला नको. तुम्ही घ्या.”

“का गं?”

“पित्त झाल्यागत वाटतंय.”

दोनेक तासांनी एका ओढ्याच्या पुलाजवळ मी गाडी बाजूला घेतली. मला माझा खण वापरून बघायचा होता. शेगडी बाहेर ओढली, पेटवली, आलं ठेचून चहा केला. रस्त्यानं जाणारे दोन मोटारसायकलवाले थांबून बघून गेले. मी फुशारकीनं त्यांना डब्यांची फळीही दाखवली. शालनच्या हातात कप दिला आणि भांडी विसळायला तोटीकडं वळलो. मागं बघितलं तर ती लिंबाच्या बुंध्याशी कप उपडा करत होती.

“अगं, सांडलास का?”

“माशी पडली.”

“दुसरा देतो.”

“नको हो. उशीर होईल.”

कसला उशीर? आम्हाला कुठं पोहोचायचं होतं? मी मनात खट्टू झालो. एवढं केलं, तरी हिच्या चेहऱ्यावर आनंद म्हणून दिसत नाही.

जत मागं पडलं तसं ऊन चढत गेलं. शाळू काढून झाला होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या ताटांचे खुंट आणि काळी रानं, पार आभाळाला टेकेपर्यंत. झाड दिसलं तर मैलावर एखादं. मला असला मोकळा मुलूख फार आवडतो. मी म्हणालो, “बघ कसं दिसतंय! आडवं येणारं काही नाही.”

“व्हय,” ती म्हणाली. ती खिडकीतून बघत होती खरी, पण तिचे ओठ सुकले होते. मी बाटली पुढं केली. तिनं ओठ ओले केल्यासारखं केलं आणि बाटली मांडीवर ठेवली. दशमीचा तुकडाही तिनं चघळत चघळत अर्धाच खाल्ला.

बाराच्या सुमाराला म्हणाली, “डोकं लई दुखतंय.” मी चिंचेचं एक झाड बघून गाडी थांबवली. ती दार उघडून खाली उतरली, दोन पावलं चालली आणि दाराला धरायला हात लांब केला. हात दारापर्यंत पोहोचलाच नाही. ती तशीच खाली बसली आणि आडवी झाली.

मी माझ्या बाजूनं उडी टाकून धावलो. तिचं अंग तापलं होतं आणि घाम मात्र नव्हता. मी तिला सावलीत ओढलं, तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले. बाटली तोंडाला लावली तर मान फिरवली.

“अगं पी! उन्हानं झालंय हे.”

“नको,” ती म्हणाली. “आत्ता नको.”

रस्त्यापलीकडच्या वस्तीवरून एक बाई धावत आली. साठीची असेल, कपाळाला भंडारा, हातात शेळ्या हाकायची काठी. नीलव्वा तिचं नाव. त्या भागात निम्मं कानडी, निम्मं मराठी.

“काय झालं री अक्काला?”

“चक्कर आली. पाणीच पीत नाही.”

नीलव्वानं शालनच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “तू हितंच थांब.” तिनं आणि तिच्या सुनेनं शालनला दोन्हीकडून धरलं आणि हळूहळू वस्तीकडं चालवत नेलं. मी मागं जायला लागलो तर पुन्हा म्हणाली, “थांब म्हटलं न्हवं?”

पण मला थांबवेना. मी अंगणाच्या कडेपर्यंत गेलो. मला दिसलं ते एवढंच, की नीलव्वा शालनच्या कानाला लागून काहीतरी बोलली, शालननं मान हलवली, आणि दोघी घराच्या मागच्या बाजूला पत्रा लावलेल्या आडोशाकडं गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या. मग सुनेनं मीठ-साखर घातलेलं पाणी आणलं आणि शालननं ते एका दमात संपवलं. दुसरा तांब्या संपवला. तिसरा निम्मा. मी आयुष्यात कुणाला असं पाणी पिताना बघितलं नव्हतं.

तिला घोंगडीवर निजवून नीलव्वा माझ्याकडं आली. तिची नजर रस्त्यावरच्या गाडीकडं होती. ताडपत्री वर होती, आतलं सगळं दिसत होतं.

“घर केलंय व्हय गाडीत?”

“व्हय. पलंग आहे, चूल आहे, पाण्याची टाकी आहे.”

“आणि बाईमाणसानं जायाचं कुठं?”

मीही वळून गाडीकडं बघितलं.

“रान उघडं पडलंय समदं. मला इथं जन्म गेला, मला ठावं. कालधरनं पानी तोडलंय तुझ्या बायकोनं. गाडीत बसायचंय म्हणून.” असं म्हणून ती शेळ्यांकडं निघून गेली. रागावून नाही, सहज बोलल्यासारखं बोलून गेली.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. चारच्या सुमाराला शालन उठून बसली. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. नीलव्वानं ताक दिलं, ते प्यायली. मी तिच्याशेजारी घोंगडीच्या कडेला बसलो.

“कालपासून पाणी प्यायली नाहीस?”

ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली.

“मला सांगायचं तरी.”

“काय सांगायचं? मनीषाच्या वेळच्या बाळंतपणापासनं हे असं हाय. धरून ठेवता येत न्हाई मला. शिंकलं तरी… जाऊ द्या.”

“आणि इतकी वर्षं? लग्नाकार्याला जायचीस, माहेरी जायचीस एसटीनं.”

“आदल्या रात्रीपासनं पाणी सोडायची. सवय झालीय. आता वय झालं, झेपत न्हाई एवढंच.”

मग मी मूर्खासारखं म्हणालो, “पण माझ्या गाडीत तर मी थांबवली असती की. तू म्हणशील तिथं.”

ती माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते मला सोसलं नाही.

“तुळजापूरला गेलो होतो, आठवतंय? मालकांनी समद्यांच्या घरच्यांना नेलेलं.”

आठवत होतं. एकोणनव्वदचा चैत्र. बस मीच चालवत होतो. पुढच्या सीटांवर मालकाची माणसं, शालन दीड वर्षाच्या मनीषाला घेऊन अगदी मागच्या बाकावर.

“मंगळवेढ्याच्या पुढं मी तुम्हाला निरोप धाडला होता. पुढच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पुढच्या बाईला. कुणीतरी तुम्हाला म्हणालं, गाडी थांबवा. तुम्ही म्हणालात, अर्ध्या तासात गाव येतंय, तिथं चहा पण मिळंल.”

“तो निरोप तुझा होता?”

“रेल्वेचं फाटक पडलं मधी. सव्वा तास लागला.”

मला सगळं समोर दिसायला लागलं. गावात गाडी थांबली, माणसं उतरली आणि मी मागं बघायला गेलो, तर मागचा बाक भिजलेला. नवी गाडी, नवी गादी. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो होतो, “हे पाणी कुणी सांडलं? अक्कल आहे का नाही?” शालन शेवटी उतरली होती, कमरेला शाल गुंडाळून, कडेवर पोर. ती म्हणाली होती, “माझ्या हातनं तांब्या कलंडला.” आणि आपली बायकोच निघाली म्हणून मला चारचौघांत लाज वाटली होती. मी तिच्यावर आणखी एकदा ओरडलो होतो.

“शालन,” मी म्हणालो.

“जाऊ द्या आता. तुम्हाला काय माहीत होतं?”

माहीत नव्हतं हे खरं. पण एकतीस वर्षं माझ्या मागं पन्नास-पन्नास माणसं बसत होती, त्यातल्या निम्म्या बायका. त्यांच्यातल्या किती जणींनी पाणी सोडलेलं असेल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. गाडी कुठं थांबायची ते माझ्या पायाखाली होतं, आणि मला टपरी दिसली की मी थांबत होतो.

बदामी राहिली. आम्ही परत फिरलो. येताना मी पाच वेळा गाडी थांबवली. पेट्रोलपंप, देवस्थान, शाळा, जिथं आडोसा दिसेल तिथं. तिसऱ्या वेळेला तीच म्हणाली, “अहो, आता नको, खरंच नको. उगं दर मैलाला काय थांबताय?” आणि दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरच्या शेडमध्ये जाऊन मी पाना हातात घेतला आणि स्वयंपाकाचं कपाट सोडायला लागलो.

“अरे, काय करतोस? याला तर महिना घातलाय आपण!”

“जागा पाहिजे.”

“कशाला?”

गफूर माझा चाळीस वर्षांचा मित्र, पण त्याला मी पान्याकडं बघतच सांगितलं. तिथं त्याची बायको शमीम जेवणाचा डबा घेऊन आलेली होती. मी जेवढं सांगितलं तेवढं तिनं ऐकलं आणि डबा खाली ठेवून म्हणाली, “दरवाजा बाजूनं काढा. पलंगावरून जायला लावू नका. आणि कडी आतून. भक्कम.” मग जाता जाता वळून म्हणाली, “उजेडाला वर जाळी ठेवा. खाली फट नको. बाहेरून पाय दिसतात.”

इतकी वर्षं गाड्यांचं काम करणारे आम्ही दोघं. दाराखालची फट आमच्या डोक्यात आलीच नसती.

मी शालनला शेडमध्ये बोलावलं. ती यायला तयार नव्हती. “माझं काय काम तिथं?” म्हणाली. शेवटी गफूर चहाला म्हणून बाहेर गेला तेव्हा आली. रिकाम्या क्रेटवर तिला बसवून मी टेपनं माप घेतलं. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत किती, उठताना हात कुठं जातो, साडी सावरायला कोपराला किती जागा लागते. आधी ती लाजून चूर झाली. मग तिलाच चूक दिसायला लागली.

“हितं दांडी लावा. न्हाई, एवढ्या वर नको. गुडघेवालीला उठायला खालनं धरावं लागतं.”

“इथं?”

“आणखी चार बोटं खाली. हां. आणि एक खुंटी. पिशवी कुठं ठेवायची बाईनं?”

तीन फूट बाय अडीच फुटांची ती खोली. अँगलचा सांगाडा, पत्रा, आतून गुळगुळीत प्लायवूड. बसायला झाकणाची बैठक, खाली काढता येणारी घट्ट टाकी, शेजारी वरून टाकायला सुताराकडून आणलेल्या भुशाचा डबा, वास वर जायला छतातून काढलेला पाइप, हात धुवायला तोटी. दाराबाहेर रुंद पायरी. उरलेल्या जागेत एक छोटी शेगडी कशीबशी बसली, ती बाहेर सरकत नव्हती. मधल्या काळात सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी काही व्यायाम दिले, थोडा फरक पडला. “वीस वर्षांपूर्वी यायचं,” त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षात आम्ही पुन्हा बदामीला निघालो. या वेळी निघताना तिनं कपभर चहा घेतला, वाटेत उसाचा रस प्यायली, आणि मी काही न विचारता दोनदा “थांबवा” म्हणाली. मला वाटलं, झालं, सगळं जमलं.

विजापूरच्या पुढं, उघड्या माळावर, एक वऱ्हाडाची मिनीबस बंद पडलेली दिसली. बॉनेट उघडं, पुरुष मंडळी भोवती जमून सल्ले देत होती. बायका रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या होत्या. भरजरी साड्या, गजरे, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी हळू केली. मला वाटलं, पान्याची गरज असेल.

शालननं माझ्या हातावर हात ठेवला. “थांबवा.”

ती उतरून त्या बायकांकडं गेली. बोलणं मला ऐकू आलं नाही. एक पोक्त बाई आमच्या गाडीकडं बघत होती. मग शालन परत आली ती थेट पुरुषांकडं. उभ्या आयुष्यात अनोळखी पुरुषांशी चढ्या आवाजात न बोललेली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मंडळी, तुम्ही समद्यांनी त्या बांधापर्यंत जावा. आणि तोंड तिकडं करून उभं राहायचं. मी सांगेपर्यंत वळायचं न्हाई.”

“अहो पण इंजिन…” त्यांचा ड्रायव्हर म्हणाला.

“इंजिन पळून जात न्हाई. आणि तुम्हीही जावा,” हे मला.

आम्ही गेलो. नवऱ्या मुलाचा मामा, दोन चुलते, फेटे बांधलेले चारपाच जण, ड्रायव्हर आणि मी. बांधावर ओळीनं उभे राहिलो, पुढं पोटरीएवढा शाळू.

“काय चाललंय काका?” ड्रायव्हरनं हळूच विचारलं. तिशीचा, माझ्यासारखाच दिसणारा, खिशाला पेन लावलेला.

“पहाटे निघालात?”

“पाचला.”

“वाटेत कुठं थांबलात?”

“दोनदा. चहाला.” तो सांगता सांगता थबकला. मग पायानं ढेकूळ फोडत राहिला.

पाठीमागं कडीचा आवाज येत होता. लागली, उघडली. लागली, उघडली. पायरीवर बांगड्या वाजत होत्या. आधी सगळं दबक्या आवाजात चाललं होतं, मग कुणीतरी हसलं, मग दोघीतिघी हसल्या, मग त्या सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. शालन मध्येच कुणाला तरी सांगत होती, “खाली दांडी हाय बघा, धरून उठा.” अर्धा तास झाला असेल. मामा कुरकुरला, “मुहूर्त…” पण त्याला कुणी दाद दिली नाही.

त्या पोक्त बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “असली गाडी कुठं मिळाली गं बाई? आम्हाला नाव सांग कंपनीचं.”

“कंपनी कसली?” शालन म्हणाली. “आमच्या ह्यांनी केलीय. माझ्या मापानं.”

मला वळून तिच्याकडं बघायचं होतं. पण अजून वळायची परवानगी मिळाली नव्हती.